तिच्या जागेवरचं पोतं

शिट्टीबाईंच्या जागेवर पोतं बसलं होतं. नुसतं ठेवलेलं नव्हतं, चांगलं ऐसपैस बसलं होतं. छातीवरून पट्टा, पाठ टेकलेली, आणि सुतळीनं आवळलेल्या तोंडावर शिट्टीबाईंची मैदानात घालायची जुनी पांढरी टोपी.

"हे काय आहे?" त्यांनी गॅरेजच्या दारातूनच विचारलं. हातातल्या ट्रेमध्ये चहाचे दोन कप होते. ते पुढे न्यावेत की आल्या पावली परत न्यावेत, हे उत्तरावर अवलंबून होतं.

मिलिमीटर गाडीच्या दारापाशी गुडघ्यांवर बसले होते. कानावर पेन्सिल, नाकावर चष्मा, दातांत चिकटपट्टीचा तुकडा. त्यांनी तो तुकडा काढून खिडकीच्या कडेला चिकटवला, अंगठ्यानं दाबला, आणि मान वर न करता म्हणाले, "ती तू आहेस."

"मी?"

"म्हणजे तुझं वजन गं. वाळू भरलीय."

ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला वेल्डर फसकन हसला. मग त्याची नजर बाईंच्या चेहऱ्यावर गेली आणि तो हसू गिळून चहाकडे बघायला लागला. "टोपी मी नाही घातली हां, ताई," तो म्हणाला. टोपी त्यानंच घातली होती.

मिलिमीटर हे नाव त्यांना शिट्टीबाईंच्या भावानं लग्नानंतर लगेचच ठेवलं होतं. गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. भिंतीवर साधं कॅलेंडर लावायचं तरी आधी पेन्सिलीच्या खुणा व्हायच्या, मग पट्टी यायची, मग शंका यायची, आणि कॅलेंडर लागेपर्यंत महिना उलटायचा. शिट्टीबाई शाळेत खेळ शिकवायच्या. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून पर्समध्ये असायची आणि आवाज अजून मैदानाच्या मापाचाच होता. एकाला सगळं मोजून लागायचं आणि दुसरीला सगळं आत्ता लागायचं, असा तो संसार होता, आणि ओढूनताणून का होईना, चांगला चालला होता.

निवृत्त झाल्यावर मिलिमीटरांनी गाडी बांधायला घेतली. एका जुन्या, नामांकित शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल. बुटकी, दोन माणसांची, छत डोक्याला टेकेल अशी. नळ्यांचा सांगाडा वेल्डरनं जोडला, त्यावर फायबरचं लालभडक अंग बसवलं. शिट्टीबाईंची धाकटी बहीण आली की डोळे मिचकावून म्हणायची, "ताई, सवत आणली गं भावजींनी." शिट्टीबाई म्हणायच्या, "सवत असती तर निदान भांडली तरी असती."

आता ते पोतं कशासाठी, तर काचांसाठी. त्या गाडीला बाजूच्या काचा खाली-वर करायची सोय नाही. ॲक्रिलिकची काच कापायची, पुढच्या कडेला बिजागरी लावायची, मागच्या कडेला खटका. खटका सोडून काच मागून दोन बोटं बाहेर ढकलली की धावत्या गाडीतली गरम हवा त्या फटीतून ओढली जाते. मिलिमीटरांनी आधी स्वतःच्या बाजूची काच बसवली. पुठ्ठ्याचा नमुना केला, काच कापली, साबणाचं पाणी सोडत हळूहळू भोकं पाडली, आणि काच अशी बसली की बघत राहावं. मग ते कौतुकानं गाडीत जाऊन बसले आणि काच घट्ट अडकली. फायबरचं अंग ते! माणसाच्या वजनानं किंचित वाकलं, दाराची चौकट केसभर तिरकी झाली, आणि सगळं माप पाण्यात गेलं.

म्हणून ठरलं की गाडी भरलेली असतानाच काचा बसवायच्या. मिलिमीटरांच्या जागी वेल्डर बसणार, दोघांची अंगकाठी सारखीच. बाईंच्या जागी बाईंनी बसावं, हे कुणाच्याही डोक्यात आलं असतं. मिलिमीटरांच्या आलं नाही.

"मला हाक मारायची होती की," शिट्टीबाई म्हणाल्या. "मी काय परदेशात होते? भिंतीपलीकडे होते."

"अगं, तासन्‌तास बसावं लागतं. तू कंटाळणार, सारखी हलणार. पोतं हलत नाही." मिलिमीटर आता पेन्सिलीनं खूण करत होते. "आणि बोलतही नाही."

वेल्डरनं डोळे मिटून घेतले. पुढे काय होणार हे त्याला कळलं होतं, मिलिमीटरांना नव्हतं.

"आणि माझं वजन कुठून आणलंत?"

"तूच नाही का सांगितलंस परवा? मी विचारलं नव्हतं का?"

विचारलं होतं खरं. सकाळी पेपर वाचता वाचता, अगदी सहज. बाईंना वाटलं होतं, आपल्या तब्येतीची काळजी वाटतेय यांना. बरंही वाटलं होतं. आणि बरं वाटण्याच्या भरात त्यांनी खऱ्या आकड्यातून सहा किलो गाळून टाकले होते. आता यात काय एवढं? वजन सांगताना कोण सगळं सांगतं? पण ते सहा किलो कमी करून यांनी मोजून वाळू भरली असेल, हे बिचारीला काय माहीत! आता वेल्डरच्या देखत खरा आकडा सांगायचा, म्हणजे तो संध्याकाळपर्यंत गावभर. त्यांनी ट्रे फरशीवर ठेवला, पोत्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली आणि मूग गिळून आत निघून गेल्या.

खरं तर त्यांना त्या गाडीत बसायची हौस नव्हती. बसायचं तर एका अटीवर, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "माझ्या बाजूची काच माझ्या हातानं उघडली पाहिजे. आतून. नाहीतर मी त्या डबीत पाय ठेवणार नाही."

हा लाडिकपणा नव्हता. नोकरीत असताना एकदा शाळेच्या सामानाच्या खोलीत त्या अडकल्या होत्या. दार वाऱ्यानं लोटलं गेलं, आतली कडी आधीच मोडलेली, आणि सुट्टीचा दिवस. रबरी चेंडू, धुळीनं भरलेल्या गाद्या, छतापाशी एक न उघडणारी काच. शिट्टी वाजवून वाजवून छाती दुखायला लागली तेव्हा कुठे कुणीतरी ऐकलं. कुलूपवाला मिळेना. शेवटी मिलिमीटर पेचकस घेऊन आले आणि त्यांनी बाहेरून दाराच्या बिजागऱ्याच उचकटून काढल्या. एरवी एक खिळा ठोकायला आठवडा घेणारा माणूस, त्या दिवशी त्यांनी काही मोजलं नाही. दार आडवं पडलं आणि बाई बाहेर आल्या त्या त्यांच्या अंगावरच. तेव्हापासून त्या लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाहीत. कुठेही गेल्या तरी आधी दाराची आतली कडी बघतात. हे सगळं ज्याला कुणी सांगायची गरज नव्हती असा एकच माणूस होता, आणि त्यानं लगेच मान डोलावली होती. "लावतो की. तुझ्या बाजूलाही लावतो बिजागरी. त्यात काय!"

मग मधे अध्यक्ष आले.

अशा नकली गाड्या बांधणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याचे हे अध्यक्ष. मूळ गाडी त्यांनी आयुष्यात एकदा पाहिली होती, तीही संग्रहालयात, दोरीच्या अलीकडून. पण बोलायचे असे, जणू तिच्या बारशाला हजर होते. गॅरेजमध्ये येऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, हात पाठीशी बांधले आणि मान हलवली.

"मूळ गाडीला फक्त चालवणाऱ्याच्या बाजूला बिजागरीची काच होती. दुसरी बाजू बंद. तुम्ही दोन्ही उघडत्या केल्यात तर गाडी मुळाबरहुकूम राहणार नाही. प्रदर्शनात मागच्या रांगेत लावावी लागेल. मला वाईट वाटेल, पण नियम म्हणजे नियम."

शिट्टीबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि हातातलं काम थांबवून मिलिमीटरांचं उत्तर ऐकायला कान टवकारले. उत्तर आलं नाही. नुसतं "बघतो" आलं. त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, तर मिलिमीटर म्हणाले, "अगं, तुझी काच उघडणार म्हणजे उघडणार. त्यांना काय कळतंय." बाईंना समाधान वाटलं. इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस अशा वाक्यावर विश्वास ठेवतो, त्यात त्यांची काय चूक?

काही दिवसांनी काचा बसल्या. बाईंना बघायला बोलावलं. बाईंच्या बाजूला, आतून, चकचकीत बिजागरी होती, तिच्यावर स्क्रू होते, मागच्या कडेला छोटी काळी मूठ होती. मिलिमीटरांनी स्वतःच्या बाजूची काच उघडून दाखवली. खट्‌, सुर्र, दोन बोटं बाहेर. बाई आपल्या बाजूच्या मुठीला हात लावायला गेल्या तर म्हणाले, "आत्ता नको, रबराची पट्टी सुकतेय. पोत्यावर दोनदा करून बघितलंय मी, एकदम झकास." बाई खूश झाल्या. त्यांनी धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलंही, की कसेही असले तरी ऐकतात हो माझं.

रस्त्यावरच्या चाचण्याही पोत्याबरोबरच झाल्या. लाल गाडी गल्लीतून बाहेर पडायची, शेजारचे लोक हात करायचे, आणि बाईंच्या जागेवर पोतं पट्टा लावून फिरून यायचं. शेवटी प्रदर्शनाचा दिवस उजाडला. पोतं गॅरेजच्या कोपऱ्यात गेलं आणि शिट्टीबाई पहिल्यांदा आपल्या जागेवर बसल्या.

बसल्या म्हणजे आधी पाय, मग कंबर, मग डोकं, असं स्वतःला घडी घालून ठेवावं लागलं. दार बंद झालं. आतून ते उघडायला कापडी पट्टी होती, ती त्यांनी आधी बघून घेतली. मिलिमीटरांच्या शर्यतवाल्या पांढऱ्या डगल्याला खिसे नव्हते, म्हणून घराच्या किल्ल्या, पैसे, चष्म्याची डबी, सगळं नेहमीप्रमाणे बाईंच्या पर्समध्ये. गाडी निघाली. गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मग ऊन चढलं, ॲक्रिलिक तापलं, इंजिनाची धग पायांशी यायला लागली, आणि बाईंनी मूठ धरून बाहेर ढकलली.

काच हलली नाही.

त्यांनी पुन्हा ढकलली. तळवा लावून ढकलली. खांदा वळवून ढकलली.

"अहो, उघडत नाहीये."

मिलिमीटरांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "वजनानं चौकट बसली असेल जराशी," ते म्हणाले. "पोत्यावर तर उघडत होती."

झालं. पोत्यावर उघडत होती, आपल्यावर उघडत नाही; आणि पोत्यात आणि आपल्यात फरक सहा किलोंचा. त्यांनीच गाळलेले सहा किलो! कुणाला काय बोलणार? मिलिमीटरांच्या बाजूची काच दोन बोटं उघडी होती, पण ती हवा त्यांचीच. इकडे नुसती धग. बाईंनी डोळे मिटले, तर रबरी चेंडूंचा वास आला. डोळे उघडले, तर समोर तापलेली काच. एका चौकात गाड्या तुंबल्या तेव्हा त्यांनी कापडी पट्टी ओढून दार जरासं लोटलं, तर लगेच, "अगं, दार नको, शेजारच्या गाडीला लागून रंग जाईल!" त्यांनी दार ओढून घेतलं. पदर घामानं चिंब, हात थंड, कानात आपलाच श्वास. थांबवा म्हणावं असं दहादा ओठांवर आलं. पण थांबवा म्हटलं की का म्हणून विचारणार, आणि मग ते सहा किलो बाहेर येणार. ज्या बाईनं आयुष्यभर पोरींना ताठ मानेनं उभं राहायला शिकवलं, ती सबंध रस्ता मान खाली घालून, मनातल्या मनात स्वतःच्या वजनाला शिव्या देत बसली होती.

मैदानावर पोचल्यावर त्या दार उघडून जवळजवळ बाहेर सांडल्याच. वेल्डर आधीच स्कूटरवर येऊन थांबला होता. त्यानं धावत जाऊन पाणी आणलं. "ताई, बरं नाही का वाटत?" म्हणाला. बाई म्हणाल्या, "ऊन आहे." दूरच्या एका खुर्चीत बसून त्या पाणी प्यायल्या आणि श्वास जागेवर यायची वाट बघत राहिल्या. लाल गाडी पहिल्या रांगेत, अगदी मधोमध लागली. मिलिमीटर तिच्याशेजारी उभे होते. फोटो निघत होते. बाईंना एवढं सगळं होऊनही जरा बरं वाटलं. म्हातारा खूश आहे तर असू दे, घरी गेल्यावर चौकट थोडी घासून घेता येईल, असं त्या स्वतःला समजावत होत्या. असल्या चांगुलपणाचा राग येतो मला, पण त्या तशा होत्या.

मग अध्यक्ष माणसांचा घोळका घेऊन गाडीपाशी आले आणि बाई उठून मागे जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचं कौतुक ऐकायला.

"हे बघा," अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात निष्ठा. ह्या बाजूची काच बंद, अगदी मुळासारखी. मी सांगितलं आणि यांनी ऐकलं." मग ते वाकले, आत बोट दाखवलं आणि हसू लागले. "आणि गंमत बघा! आतून बिजागरी आहे, मूठ आहे. सगळं चिकटवलेलं. वहिनींची समजूत! बाहेरून आमच्यासाठी बंद, आतून वहिनींसाठी उघडी. काय डोकं लावलंय, वा!"

घोळका खदखदून हसला. मिलिमीटरही हसले. थोडंसंच, ओशाळून, पण हसले. एकटा वेल्डर हसला नाही. तो चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

शिट्टीबाईंना आधी काही कळेना. मग एकदम सगळं कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रबराची पट्टी सुकतेय. पोत्यावर दोनदा करून बघितलंय. वजनानं चौकट बसली असेल. म्हणजे काच उघडणारच नव्हती! हाताच्या जोरानं नाही, पोत्यानं नाही, सहा किलो कमी असते तरी नाही! आणि आपण सबंध रस्ता गुदमरत आलो ते स्वतःला दोष देत! शिवाय ही गंमत त्या दोरीच्या अलीकडच्या तज्ज्ञाला आधी सांगितलेली, आणि आपल्याला नाही.

त्यांनी पर्स उघडली आणि शिट्टी काढली.

त्या शिट्टीचा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पहिली रांग थांबली, मागची रांग थांबली, फोटो काढणारे थांबले. अध्यक्षांचं हसू अर्ध्यावर थांबलं. शाळा सोडून कितीही वर्षं झाली तरी माणूस शिट्टीला उभाच राहतो. घोळका आपोआप दोन्ही बाजूंना सरला आणि शिट्टीबाई गाडीपाशी आल्या.

"इंजिन कुठलं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, इथे कशाला…"

"इंजिन कुठलं?"

"माल पोचवणाऱ्या व्हॅनचं," मिलिमीटर म्हणाले. भंगारातली होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

"मागचे दिवे?"

"ट्रॉलीचे."

"हे अंग कशाचं?"

"फायबरचं."

"आणि मुळाचं?"

"ॲल्युमिनियमचं." उत्तर अध्यक्षांच्या तोंडून निघून गेलं. सवयच त्यांची.

"तुम्हाला विचारलं नाही. हा बोनेटवर गोल करून नंबर काढलाय, तो कुठल्या शर्यतीचा? कुठे धावलात तुम्ही? भाजी आणायला सांगितली तर रिक्षा करता!" मागे कुणीतरी हसलं. बाईंनी तिकडे एकदा बघितलं आणि हसणं बंद झालं. "म्हणजे इंजिन खोटं चाललं. दिवे खोटे चालले. अंग खोटं, नंबर खोटा, डगला खोटा. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही, गाडी पहिल्या रांगेत. आणि सगळ्या गाडीत खरं काय ठेवायचं ठरवलंत? तर माझा कोंडमारा! तेवढा मात्र अस्सल पाहिजे!"

"वहिनी, तुमचा गैरसमज होतोय," अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले. "नियम असे आहेत की…"

"तुम्ही बसा त्या जागेवर. दार लावून. मी नियम वाचून दाखवते बाहेरून."

अध्यक्षांना अचानक मागच्या रांगेत काहीतरी काम आठवलं. घोळकाही पांगला. मिलिमीटर एकटे उभे राहिले, खिसे नसलेल्या डगल्यात हात कुठे ठेवावेत ते न कळून. "अगं, प्रदर्शन झालं की खरी बसवणारच होतो," ते हळूच म्हणाले. "आजच्यापुरतं फक्त. शप्पथ."

शिट्टीबाईंनी आवाज उतरवला. आता जे बोलायचं होतं ते मैदानासाठी नव्हतं.

"त्या खोलीच्या बिजागऱ्या तुम्ही काढल्या होत्यात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच. दुसऱ्या कुणी ही मूठ चिकटवली असती तर मी म्हटलं असतं, त्याला काय माहीत. तुमचा हात कसा हो धजावला?"

मिलिमीटरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि मी येडी सकाळपासून माझ्या सहा किलोंना शिव्या देतेय!"

"कुठले सहा किलो?"

"तुमच्या पोत्यात नाहीत ते."

मिलिमीटर क्षणभर हिशेब करत राहिले, मग त्यांचा चेहरा पडला. वेल्डर पुढे झाला. "ताई, मी म्हटलं होतं यांना, की हे बरोबर नाही. पण मी जोरात म्हटलं नाही." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "पुढच्या वेळी जोरात म्हण," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली. उतरल्यावर ती नेहमीप्रमाणे त्यांच्याकडेच आली होती. "चला, निघायचं."

"अगं, अजून बक्षीस व्हायचंय."

"बक्षीस तुमचे अध्यक्ष घरी आणून देतील. बसा. तिकडून नाही, तिकडे मी बसणार. तुम्ही पोत्याच्या जागेवर."

मिलिमीटरांना गाडी चालवायला शिकवलं होतं ते शिट्टीबाईंनीच, कोणे एके काळी, शाळेच्या मैदानावर, शिट्टी वाजवून. त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. त्यांनी आधी पाय, मग कंबर, मग डोकं अशी स्वतःची घडी घातली, पट्टा लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले. बाईंनी आपल्या बाजूचा खटका सोडला. काच दोन बोटं बाहेर गेली, अलगद, कुठेही न घासता. काम चोख होतं. त्याचाच तर जास्त संताप आला त्यांना. हे हात खोटं काम करू शकत नाहीत असं त्या आजवर समजत होत्या.

पहिल्या रांगेतून लाल गाडी बाहेर पडली तेव्हा कुणी अडवलं नाही.

दुपार आता ऐन भरात होती. सकाळी ऊन चढत होतं, आता ते टेकून बसलं होतं. सडकेवरून वाफा निघत होत्या आणि इंजिनाची धग थेट डाव्या-उजव्या पायांत वाटून येत होती. शिट्टीबाईंच्या केसांना वारा लागत होता. गावाकडचं पहिलं वळण गेलं, पेट्रोल पंप गेला. मिलिमीटरांनी डगल्याची चेन खाली ओढली. मग बाही वर केली. मग त्यांचा हात, जणू आपला आपणच, काळ्या मुठीकडे गेला.

बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

मिलिमीटरांनी मूठ ढकलली. सवयीनं असेल, विसरून असेल. पुन्हा ढकलली. तळवा लावला, खांदा वळवला. ते सगळं त्याच क्रमानं करत होते आणि बाईंना प्रत्येक हालचाल आपल्या अंगात ओळखू येत होती. उन्हानं गोंद ढिला झाला होता. मूठ सुटून हातात आली, तिच्यामागोमाग बिजागरीही निखळून मांडीवर पडली. काच जिथल्या तिथे होती.

मिलिमीटरांनी ती दोन्ही तळहातावर ठेवली आणि बघत राहिले. घाम कपाळावरून चष्म्यात उतरत होता. त्यांचा श्वास आता ऐकू येण्याइतका मोठा झाला होता. बाईंनी तो ऐकला. थोडा वेळ ऐकतच राहिल्या. बाईंवर सकाळी जे गुदरलं त्यातलं हे निम्मंही नव्हतं.

"थांबवतेस का जरा?" मिलिमीटर म्हणाले. "जीव घाबरा होतोय माझा."

शिट्टीबाईंनी आरशात मागे बघितलं आणि बाजूला वळायचा दिवा लावला.

"पोतं बोललं नसतं," त्या म्हणाल्या, आणि गाडी कडेला घेतली.